दहावा मॉप

...खडूस? पंचशीला सिस्टर खडूस? भामाबाई, आधी घागर ठेवा खाली आणि मग बोला, टँकर काय इतक्यात येत न्हाई, तो ड्रायव्हर औसा नाक्यावर चहा पीत बसला असंल. म्हणे काय, तर 'एका फडक्यापायी माझ्या सुनेचं पोट अर्धा घंटा उघडं ठेवलं त्या बाईनं.' आता ह्या रांगेतल्या सगळ्यांनी ऐकलं, संध्याकाळपर्यंत लातूरभर होतंय, आणि खरं काय झालं ते कुणाला म्हणून ठाऊक न्हाई. मला ठाऊक हाय. भिंतीला भिंत लावून राहतो आम्ही. तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, त्यात स्वतःची चूक बी लपवली न्हाई. तुम्हाला सांगते, ऐका, आणि ती मागची कळशी रांगेत घुसवू नका, मला दिसतंय.

तर ही पंचशीला मूळची नायगावकडची. मॅट्रिक झाली आणि इथं ट्रस्टच्या दवाखान्यात थेटरात लागली. थेटर म्हणजे पिक्चरचं न्हाई हो, ऑपरेशनचं. काम काय, तर असिस्टंट. डॉक्टरला सामान द्यायचं. सोपं वाटतं का न्हाई? मला बी वाटलं होतं. तर तिथं कैच्याच म्हणं अठरा तऱ्हेच्या, चिमटे किती ते विचारूच नका, आणि डॉक्टर काय नाव घेऊन मागतात व्हय? डॉक्टर हात पुढं करतात. नुसता हात! तिकडं बघत बी न्हाईत. त्या हातात पाहिजे तीच वस्तू, पाहिजे त्याच बाजूनं फट्दिशी बसली पाहिजे, म्हणजे न बघता कळतं, आली. पहिल्याच दिवशी जुन्या मेट्रनबाईनं, चंद्रप्रभाबाईनं तिला सांगून ठेवलं, 'पोरी, थेटरात हात बोलतो, तोंड न्हाई.'

झालं, नऊ वर्षं पोरीचा हात बोलला. समोर अवधूत सर. सर्जन मोठे, हाताला गुण, पण जिभेला मिरची. नऊ वर्षांत हिच्याशी एक वाक्य पुरतं बोलले न्हाईत. काम बरोबर झालं की 'हं', चुकलं की 'हं?' एवढीच काय ती भाषा. आणि हिला सवय अशी लागली, की सरांच्या मनात धागा आला की इकडं हिच्या हातात धागा तयार. डोक्याला विचारायची गरजच न्हाई. ते डोक्याला न विचारणं ध्यानात ठेवा बरं का, पुढं तेच नडलं.

आता तुम्ही म्हणाल, एवढं छान चाललं होतं तर नर्स व्हायची हौस कामून आली? हौस न्हाई बाई. एकदा तिच्या डोळ्यांदेखत मोजणीत एक फडकं कमी भरलं. मॉप म्हणतात त्याला, हातभर पांढरं, चार पदरी, कोपऱ्याला नाडी, पोटातलं रगत टिपायला. ऑपरेशनच्या आधी ते मोजायचे, आणि पोट शिवायच्या आधी परत मोजायचे. तेव्हाची सिस्टर म्हणाली, 'बरोबर हायेत.' पंचशीलाला दिसत होतं, न्हाईत. पण बोलणार कशी? असिस्टंटला कोण विचारतंय? थेटरात हात बोलतो, तोंड न्हाई. आठ दिवसांनी तो माणूस फुगलेलं पोट घेऊन परत आला. परत फाडला, काढलं, जगला बिचारा. पण हिला अन्न गोड लागंना. म्हणाली, काउंट जिच्या सहीनं होतो ना, ती सही माझी पाहिजे. आणि सत्ताविसाव्या वर्षी गेली की नांदेडला नर्सिंगला! वर्गातल्या पोरी सोळा-सतराच्या, हिला मावशी म्हणायच्या. साडेतीन वर्षं मावशी म्हणून घेतलं तिनं, आणि टोपी घालून आली.

ती आली तोवर इकडं सगळंच बदललेलं. लातूर जिल्हा झालेला, नवी कचेरी, नव्या पाट्या, नवे साहेब, सगळं नवं. पाणी तेवढं जुनं होतं, ते बी आटलं.

आधी तीन महिने वार्डात टाकली तिला. तिथं काय घोळ झाला माहीत हाय? थेटरातला पेशंट झोपलेला असतो. वार्डातला जागा! आणि बोलतो! ही बावरली. आणि हाताची सवय जाते का? ते धर्माबादचे ग्यानोबा तात्या, हर्नियावाले, त्यांनी हात पुढं केला, 'सिस्टर, गोळी.' हिनं दिली की फट्दिशी तळहातावर ठेवून! तात्या म्हणाले, 'बाई, मी काय केलं?' दुसऱ्यानं पाणी मागितलं, गिलास असा हाणला हातात की अर्धं पाणी गादीवर, आणि दुष्काळात पाणी सांडलं म्हणून सगळा वार्ड तिच्याकडं असा बघाय लागला जणू तिनं खून केला. माझ्याकडं पोळ्या लाटाय आली तर मी म्हटलं, लाटणं दे. अजून हात दुखतोय माझा.

मग गेली थेटरात, सिस्टर म्हणून. आता हिचं काम हात धुऊन टेबलाशी उभं राहायचं न्हाई, ते उद्धवराव करतात. ते कोण, तर हिच्या जागेवर आलेले असिस्टंट, हिनंच शिकवलेले, मिशा अशा की तोंडाच्या फडक्याबाहेर दोन्हीकडून डोकावतात. हिनं बाहेर फिरायचं, काय लागंल ते आणायचं, मोजायचं आणि पाटीवर लिहायचं. सहा महिने कच्ची नोकरी, मग सरांची सही, मग पक्की. पण सरांना कळंना हिचं काय करावं. पहिल्या दिवशी उद्धवराव बाजूला उभे, आणि सरांनी हात कुणाकडं केला? हिच्याकडं! 'पंचशीला, कैची.' सिस्टर न्हाई, पंचशीला. आणि तुम्हाला सांगते, हिचा हात उठला होता. दुसऱ्या हातानं धरून पाठीमागं ठेवला तिनं.

असं करत करत सहा महिने संपायला आठवडा राहिला, आणि आली तुमची सून. सिंधू. पोटात गाठ, नारळाएवढी. बरोबर ना? हाव म्हणा की.

त्या दिवशी पाण्याची काय गत होती सांगू? सर्जनला हात धुवायला दहा मिनिटं वाहतं पाणी पाहिजे. सरांना मिळालं उकळलेलं दीड तांब्या, आणि ते बी आयानं वरून बारीक धारेनं घातलं, देवाला अभिषेक करावा तसं. भूल देणाऱ्या लता मॅडम म्हणाल्या, आज माझ्या घरी तेवढं बी आलं न्हाई. आणि शेजारच्या धुण्याच्या खोलीत तो एक नळ, चावी गेलेला. टप... टप... टप. दार उघडंच असतं. ऑपरेशन चाललंय, सगळे गप, आणि टप... टप. आता तुम्ही सांगा, ह्या वर्षी लातुरात कुणाच्या कानाला तो आवाज सहन होईल? माझ्या नवऱ्याला झोपेतून हलवून उठत न्हाई तो, पण नळ गळला की उठतो.

सुरवातीलाच मोजले, मॉप दहा. पाटीवर लिहिलं, मॉप दहा. पोट उघडलं, उद्धवरावांच्या हातातून एक मॉप निसटून खाली पडला, कोराच. पडलेला वापरायचा न्हाई, पण खोलीबाहेर बी न्यायचा न्हाई, मोजणीत असतो तो. मग गाठ निघाली, रगत थांबलं, सर म्हणाले, 'क्लोज करू.' हिनं आणि उद्धवरावांनी मोजलं. नऊ.

परत मोजलं. खाली पडलेला बी त्यात आलाच, असं दोघांनी धरलं. नऊ.

बादल्या उपड्या केल्या, चादरी झटकल्या, उद्धवराव मिशांसकट टेबलाखाली गेले. नऊ. सरांनी पोटात परत हात फिरवला, म्हणाले, 'आत नाहीये. मी बघितलंय. धागा द्या.' आता तुम्ही म्हणाल, फोटो काढायचा एक्स-रेचा. अहो, मॉप दवाखान्यातच शिवलेले, जाळीच्या कापडाचे, ते फोटोत दिसतात व्हय? मोजणी हाच फोटो. उद्धवरावांनी धागा उचलला, आणि हिच्या डोळ्यांपुढं तो फुगलेल्या पोटाचा माणूस उभा राहिला. तोंड उघडंना. नऊ वर्षांचं बंद तोंड ते! शेवटी म्हणाली, 'धागा देऊ नका, उद्धवराव.'

सर वळले. 'पंचशीला, तू मला शिकवणार?'

'पंचशीला न्हाई सर, सिस्टर. काउंट बरोबर न्हाई. पोट बंद करता येत न्हाई.'

'पुढच्या आठवड्यात सहा महिने संपतायत ना तुझे?'

'हाव सर. मॉप नऊच हायेत.'

बाई बाई बाई. माझ्या अंगावर आत्ता काटा आला बघा. कोण, कोणाला, आणि कशासाठी? तुमच्या सुनेसाठी, भामाबाई! जिचं नाव बी तिनं त्या दिवशीच ऐकलं होतं.

लता मॅडम म्हणाल्या, 'पेशंट ठीक आहे, पण लवकर शोधा.' सगळे जागच्या जागी थांबले. थेटर असं गप झालं, असं गप झालं, की पंचशीलाला वाटलं, काहीतरी कमी हाय. मॉप सोडून दुसरंच काहीतरी. कान दिला तिनं. काय कमी हाय? ...टपटप कमी हाय. नळ गळंना झालाय. कामून गळंना? आणि तिला आठवलं.

हिनंच बांधला होता! तो पडलेला कोरा मॉप हिनं उचलला बाजूला ठेवायला, आणि तेवढ्यात टप. पाय तिकडं गेले, हातानं मॉप नळाला गुंडाळला, नाडीनं गाठ मारली, टोक बादलीत सोडलं म्हणजे थेंबन्‌थेंब बादलीत, आणि ती परत येऊन उभी राहिली. डोक्याला पत्ता न्हाई. नऊ वर्षं हाताला मोकळं सोडलं की हात असे माजतात.

आता बघा हं. कोणी बघितलं न्हवतं. गुपचूप जायचं, मॉप सोडायचा, आत येऊन म्हणायचं, ट्रॉलीखाली होता. कुणाला कळणार होतं? मी तर तिला म्हटलं, मी असते ना तर तेच केलं असतं. ती म्हणाली, 'अक्का, मग त्या आधीच्या सिस्टरमधी आणि माझ्यात फरक काय राहिला?' धुण्याच्या खोलीत गेली, ओला मॉप आणून सगळ्यांपुढं धरला आणि म्हणाली, 'सर, दहावा मॉप. मी नळाला बांधला होता.'

'कशाला?'

'पाणी गळत होतं सर.'

सरांनी त्या मॉपाकडं बघितलं, मग स्वतःच्या हाताकडं बघितलं, दीड तांब्यात धुतलेल्या. लता मॅडमचे खांदे हलाय लागले, फडक्यामागं हसत होत्या. उद्धवरावांच्या मिशा थरथराय लागल्या. आणि हिला वाटलं, गेली, नोकरी गेली, साडेतीन वर्षं मावशी म्हणून घेतलेलं गेलं, सगळं त्या बादलीत गेलं.

सर म्हणाले, 'काउंट?'

'दहा, सर.'

'नक्की?'

'नक्की.'

आणि मग सरांनी काय विचारलं माहीत हाय? ज्या माणसानं नऊ वर्षं 'हं' वर भागवलं, तो मान वर करून म्हणाला, 'सिस्टर, बंद करू का?'

मला सांगताना रडली हो ती. माझ्या ओट्यावर बसून. मॉप हरवल्याला रडली न्हाई, नोकरीला रडली न्हाई, ह्या एका शब्दाला रडली. मी बी रडले, मग म्हटलं पुरे, डोळ्यातलं पाणी तरी वाया घालवू नको.

आणि भामाबाई, अर्धा घंटा न्हाई, अकरा मिनिटं. पाटीवर लिहिलंय. अकरा मिनिटं तुमच्या सुनेचं पोट उघडं राहिलं, कारण एक बाई स्वतःची नोकरी पणाला लावून म्हणाली, न्हाई. काल बघितलं मी सिंधूला, दारात बसून ज्वारी निवडत होती. निवडती का न्हाई? मग! सही बी झाली, पक्की झाली पंचशीला. सरांनी सही केली आणि खाली लिहिलं, 'हातावर लक्ष ठेवावे.'

तेव्हापासून तुम्हाला सांगते, त्या थेटरात मोजणी कशी होते? ही पाटीपुढं उभी राहून विचारते, 'मॉप?' उद्धवराव म्हणतात, 'दहा.' 'सुया?' 'सहा.' 'नळ?' आणि टाका घालता घालता, मान खाली घालून, सर स्वतः म्हणतात, 'एक. गळतोय.'

...अहो, दुरुस्त कामून केला न्हाई म्हणता? तीन अर्ज दिले तिनं. तिन्हीला ट्रस्टकडनं एकच उत्तर आलं. आधी पाणी येऊ द्या, मग नळाचं बघू.