आईची खुर्ची गॅलरीत

शाळा आठवीत सुटली, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. मला साध्याच शब्दांत सांगता येतं.

आम्ही तेव्हा मनवेलपाड्याला चाळीत राहायचो. आईला दमा. त्यामुळे केर काढायच्या आधी मी तिची खुर्ची गॅलरीत नेऊन ठेवायचो, आणि धूळ बसेपर्यंत आम्ही दोघं तिथे चहा प्यायचो. मग दादाचं लग्न झालं. नव्या वहिनीने झाडू बाजूला ठेवला आणि ओल्या फडक्याने सगळं घर पुसून काढलं. आई आतच बसली होती, एकदाही खोकली नाही.

"बघ रे," आई म्हणाली, "इतकी वर्षं उगाच मला बाहेर काढायचास."

"भाऊजींना कुणी सांगितलंच नसेल हो," वहिनीने माझी बाजू घेतली. त्याने तर मी आणखीच जळलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी बादली भरत होती, तेवढ्यात मी खुर्ची बाहेर नेली.

"आज कशाला? धूळ कुठंय?" आईने विचारलं.

"धूळ नाही, पण चहा आहे."

आई हसत येऊन बसली. "मग वहिनीलाही बोलाव की."

मी हाक मारली, पण आत ऐकू जाणार नाही एवढी हळू.