साधा टायर, भारी टायर आणि बसलिंगप्पा

मी महिपती कुंडलिक घोडके, वय वर्षे अडुसष्ट, शिक्षण मराठी चौथी आणि त्यापुढचे सर्व स्वकष्टार्जित, आणि मी आपणां सर्वांस पुन्हा एकवार स्पष्ट करतो की त्या सोमवारी सात रस्त्यावर मी पडलो नव्हतो! फुटला तो टायर, आणि पडली ती माझी पत्नी. मी तर सीटवर ताठ होतो... इतका ताठ की मागून आवाज झाला तो मला कोणाच्या तरी वरातीतला फटाका वाटला आणि मी चंद्रावरील विवरांविषयी तिला सांगत सांगत तशाच धडधडत्या चाकावर आणखी पन्नास पावले पुढे गेलो, आणि ती काहीच विचारत नाही म्हणून मागे वळून पाहतो तो काय, कॅरिअर रिकामे! सारजाबाई रस्त्याच्या मधोमध बसलेली, तिच्याभोवती सातही रस्त्यांची माणसे, आणि ती त्यांना सांगते आहे, "ते बगा, ते चाललेत न्हवं चंद्रावर, ते आमचं मालक."

आणि गावभर काय झाले? "घोडके मास्तर पडले!" अहो, मी पडलो नाही, आणि मास्तर तर मी कधीच नव्हतो! चौतीस वर्षे मिलच्या फोल्डिंग खात्यात चादरींच्या घड्या तपासल्या. पण माणूस वाचतो म्हटले की त्याला मास्तर म्हणायचे, ही आपली पद्धत.

सारजाबाईला इजा म्हणाल तर कोपर खरचटले आणि दोन बांगड्या फुटल्या. परंतु उठता उठता तिने जे वाक्य उच्चारले ते, तुम्हांस सांगतो, टायरपेक्षा मोठा आवाज करून गेले. "अवं, आजपासनं ह्या सायकलीवर मी बसायची न्हाय. चालत जाईन. तुमी बसवा चंद्राला."

एकतीस वर्षे! एकतीस वर्षे दर सोमवारी ती माझ्या मागे बसून सिद्धेश्वराच्या दर्शनाला आली, एका हातात नारळाची पिशवी आणि दुसऱ्या हाताने माझ्या सीटखालची स्प्रिंग घट्ट धरलेली. आणि आता? आता ती पायी. तिचा उजवा गुडघा पायरी चढताना वाजतो, मला ऐकू येतो, तरी पायी. मग मी सायकलीवर बसून पुढे जाऊ काय? शोभेल काय ते? म्हणून मीही पायी, आणि सवयीने सायकल सोबत... आणि दर वीस पावलांवर कोणीतरी विचारणार, "पंक्चर व्हय, मास्तर?" नाही, पंक्चर नाही. "मग हातात का?" काय उत्तर द्यावे? सांगा ना, काय द्यावे?

तेव्हा मी निश्चय केला. चाके नवी घ्यायची, टायर नवे घ्यायचे आणि पत्नीस सन्मानाने पुन्हा मागे बसवायचे. आणि असला निर्णय मी ऐकीव माहितीवर घेत नसतो. माझा आधार छापील असतो. हे छापलेले आहे. माझ्या मनचे नाही, असे मला म्हणता आले पाहिजे.

आता माझ्या वाचनाविषयी एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. मी ग्रंथ वाचले, नाही असे नाही, परंतु माझे खरे शिक्षण झाले ते पुड्यांच्या कागदांवर. शेंगदाण्याची पुडी, गुळाची पुडी, हिंगाची पुडी! सारजाबाई पुडी सोडते, जिन्नस डब्यात घालते आणि कागद माझ्यापुढे टाकते. त्यातून मी चंद्र वाचला, ज्वालामुखी वाचला, मधमाश्यांची राज्यव्यवस्था वाचली. दोष एवढाच की पुडीच्या कागदाला शेवट नसतो. ज्वालामुखीचा स्फोट होण्यापूर्वीच माझा कागद संपला, तो पर्वत पुढे फुटला की नाही हे मला आजतागायत ठाऊक नाही.

तर त्या पंधरवड्यात शेंगदाण्याच्या पुडीतून प्रकटले काय? 'सायकल : निगा व निवड'! मी शेंगदाणे ताटात उपडे केले आणि उभ्यानेच वाचू लागलो. मिश्रधातूची रिम हलकी असते, गंजत नाही, आरशासारखी चमकते. हे छापलेले आहे. माझ्या मनचे नाही. पुढे टायर. टायर दोन प्रकारचे, साधे आणि भारी. आणि पुढचे वाक्य जसेच्या तसे सांगतो, "उत्तम टायर ओळखण्याची एकमेव खूण म्हणजे"...

म्हणजे काय? पुढे फाटलेले! मी दुकानदाराकडे परत गेलो. म्हटले, याच कागदाचा उरलेला भाग द्या. तो म्हणाला, "मास्तर, उरलेल्यात मिरच्या गेल्या." कोणाकडे गेल्या? "मोडनिंबचं गिऱ्हाईक हुतं." आता मोडनिंब माझे मूळ गाव, तिथे माझा चुलतभाऊ आप्पा राहतो, मी त्याला पोस्टकार्ड टाकले. त्याचे उत्तर आले, "मिरच्या पोचल्या न्हाईत. खुशाली कळवणे."

अखेर वहीत मी स्वतः दोन रकाने केले. साधा टायर चौदा रुपये, भारी तेवीस. साधा घ्यावा तर फुटलेला तोही साधाच होता, आणि पुन्हा फुटला तर पत्नी पायीच नव्हे, माहेरी जाईल. भारी घ्यावा तर मिश्रधातूच्या रिमांनंतर माझ्याजवळ दोन भारी टायरांइतके उरत नव्हते. आठ रात्री विचार केला, रकाने भरत गेले आणि निर्णय मात्र तसूभर सरकला नाही. तेव्हा वही खिशात घातली, सायकल हातात घेतली आणि गेलो सात रस्त्यावरच्या बसलिंगप्पांच्या सायकलीच्या दुकानात.

हे दुकान तुम्ही पाहिले आहे काय? गल्ल्यावर बसलिंगप्पा बसतात. पांढरा फेटा, कपाळाला विभूती, आणि देह असा की गल्ला त्यांच्यापुढे आगपेटीसारखा दिसतो. आणि खाली गोणपाटावर, पदर खोचून, हातात टायर काढायचा पोलादी लीव्हर घेऊन बसतात त्यांच्या पत्नी गौरम्मा. गिऱ्हाईक प्रश्न विचारते बसलिंगप्पांना. बसलिंगप्पा बघतात गौरम्मांकडे. गौरम्मा कानडीत दोन शब्द टाकतात, आणि बसलिंगप्पा त्याचे मराठीत व्याख्यान करतात. का? तर चाकाच्या बाबतीत बाईचा शब्द गिऱ्हाईक मानत नाही म्हणून! हुन्नर तिचा, आणि फेटा यांचा.

मी वही उघडली आणि दोन्ही रकाने मोठ्याने वाचून दाखविले, पुडीच्या कागदासह. बसलिंगप्पा आदराने ऐकत राहिले. गौरम्मांनी माझ्याकडे न पाहता म्हटले, "हुच्च मुदुका."

बसलिंगप्पा मला म्हणाले, "आमच्या मंडळी म्हणत्यात, साहेब लई अभ्यासू हायत."

आता चौतीस वर्षे माझ्या शेजारच्या टेबलावर अक्कलकोटचे सिद्रामप्पा बसत होते. हुच्च म्हणजे वेडा आणि मुदुका म्हणजे म्हातारा, हे मला चांगले कळते!  परंतु तेवढ्यात त्या बाईंनी दोन्ही टायर उचलले होते, आणि तुम्हांस सांगतो, पुढे जे मी पाहिले ते कोणत्याही पुडीत छापलेले नाही. त्यांनी टायर गुडघ्यात धरून पिळला, सोडला, आणि तो कसा उलगडतो ते पाहिले. कड अंगठ्याने चाचपली. कानाशी नेऊन चापट मारली, जशी आपण कलिंगडाला मारतो. नाकाशी धरला. डोळे मिटलेले! मी जन्मभर चादरीचा सुटलेला धागा बोटाने ओळखला, म्हणून मला कळते, ते हात वाचत होते. आणि संपूर्ण वाचत होते. शेवटासकट.

मग त्यांनी डोळे उघडले आणि थेट मराठीत विचारले, "मागं कोण बसतं?"

मी म्हटले, "कुटुंब."

"वजन?"

आता हा काय प्रश्न झाला? भर चौकात परस्त्रीपुढे स्वस्त्रीचे वजन सांगावे? मी म्हटले, "मध्यम."

"मध्यम म्हंजे किती?"

"प्रकृती सुदृढ आहे."

"मास्तर, मी टायर विकते, सोयरीक न्हाय जुळवत. किती?"

मी वही मिटली. गौरम्मांनी निःश्वास टाकला आणि एका दमात निकाल दिला. पुढच्या चाकाला तुमची चमकती रिम घाला आणि साधा टायर घाला, पुढं काय भार न्हाय. मागची रिम पोलादीच राहू द्या, आणि तिच्यावर भारी टायर. जिथं माणूस बसतो तिथं पैसा घालायचा, जिथं लोकं बघत्यात तिथं चमक घालायची, झालं की!

झालं की! आठ रात्री मी साधा की भारी, भारी की साधा म्हणून झुरलो, आणि एक साधा, एक भारी, हा तिसरा रकाना माझ्या वहीत नव्हताच. दिसायला काय दिसेल ते? पुढचे चाक नवरदेव आणि मागचे वऱ्हाडी! परंतु मी मान डोलावली. हो, डोलावली. ज्याचे त्याला द्यावे.

चाके चढली. मी निघालो तो बसलिंगप्पा आडवे आले. "दुकानाचा नेम हाय, साहेब. जे वजन रोज बसणार ते एकदा हितं बसल्याबिगर चाक भाईर जात न्हाय. दूधवाला कॅन घेऊन येतो. तुमी मंडळींना घेऊन या."

आणि इथे, तुम्हांस सांगतो, मी सायकल पुन्हा स्टँडवर लावली. म्हटले, ती येणार नाही. एकतीस वर्षे बसली, आता बसत नाही. तिचा गुडघा वाजतो, आणि तरीही ती चालते.

गौरम्मांनी लीव्हर खाली ठेवला. हळू आवाजात म्हणाल्या, "मग त्यांच्याएवढं कोण हाय ते तरी दावा. बोलू नका, नुसतं दावा."

मी चौकभर पाहिले. हमाल पाहिले, टांगेवाला पाहिला. आणि शेवटी माझी दृष्टी... मी मुद्दाम नेली नाही, ती आपोआप गेली... गल्ल्यावर जाऊन थांबली.

"नोडू! बघा!" म्हणून गौरम्मांनी टाळी वाजवली. "बसा, अवं, बसा मागं!"

बसलिंगप्पा बसले. आणि पुरुषासारखे नव्हे. धोतर नवे होते म्हणून एका बाजूला पाय सोडून, फेटा सावरत, लाजत! वर एका हाताने त्यांनी माझ्या सीटखालची स्प्रिंग घट्ट धरली. टांगेवाल्याने टांगा थांबवला. गौरम्मा वाकून टायरकडे बघत होत्या, "दोन बोटं दबला. चालतंय." मी पहिला पाय मारणार, तोच समोर भाजीची पिशवी घेऊन कोण उभे? सांगायला हवे काय?

सारजाबाईने प्रथम मला पाहिले. मग बसलिंगप्पांना पाहिले, फेट्यापासून वहाणेपर्यंत. "ह्यो गडी कोण माज्या जागंवर?"

बसलिंगप्पा घाबरून म्हणाले, "तुमच्या मालकांनीच निवडलं, ताई. वजनाला."

 सारजाबाईने भाजीची पिशवी खाली ठेवली.

"मी... येवढी हाय?"

मी म्हटले, "हा केवळ अंदाज आहे, सारजाबाई. छापलेले नाही."

"येवढी? अवं, ही काय नजर म्हनायची का काय! एकतीस वर्सं मागं बसवलं आन् मान वळवून एकदा तरी बगितलं का?"

  सायकल चालवणारा पुढे बघतो हे खरे, पण ते उत्तर नव्हे. उत्तर दिले ते गौरम्मांनी. त्या हसल्या, आणि कॅरिअरवर थाप मारून म्हणाल्या, "मास्तरांशी कशाला भांडता, ताई? बसून दावा. टायर खोटं बोलत न्हाय."

"उतरा खाली!" सारजाबाई म्हणाली. बसलिंगप्पा उतरले, अहो, जवळजवळ पडलेच. सारजाबाईने भाजीची पिशवी मांडीवर घेतली आणि बसली. तशीच बसली, जशी एकतीस वर्षे बसत होती! गौरम्मा गुडघ्यावर टेकल्या, दबलेल्या टायरच्या कडेला बोट धरून त्यांनी मापले आणि सातही रस्त्यांना ऐकू जाईल असे सांगितले, "ह्यांना दोन बोटं, तुमाला एकच!"

"ऐकलं का?" मागून आवाज आला. ऐकले. "एक बोट. आता चला."

"कुठे?"

"सिद्धेश्वराला. आज सोमवार हाय न्हवं? का ते बी कुटं छापून यायचं हाय?"

मी निघालो. चौक मागे पडला, देवळाच्या तळ्याचे पाणी दिसू लागले, आणि मला काहीतरी वेगळे जाणवत होते, कळत नव्हते. मग कळले. स्प्रिंगवर हात नव्हता. तिचे दोन्ही हात पिशवीवर होते. त्या क्षणी शेंगदाण्याच्या पुडीवरचे ते 'एकमेव खूण म्हणजे' हे अर्धे वाक्य माझ्यापुरते पूर्ण झाले, आणि ते कोणत्याही कागदावर छापलेले नाही. माझ्याच मनचे आहे.

त्यानंतर बदलले ते एवढेच. सारजाबाई दर सोमवारी मागे बसते. निघण्यापूर्वी हवा भरली का, हे ती मला विचारत नाही, गौरम्मांना विचारते. आणि मी दर पन्नास पावलांवर मान वळवून मागे बघतो, तेव्हा ती म्हणते, "फुडं बगा की, पाडाल पुन्ना."