फुटलेल्या भांड्यांची वही

हिशेबनीस : वही एवढी एकच?

वहिनी : एकच. तीन वर्षांची आहे. पुढून विक्री, मधून खर्च. मागून आणखी एक यादी आहे, पण ती... बघालच तुम्ही.

नणंद : बाई, आधीच सांगते. जाहिरात दिली तेव्हा हा मातीकामाचा स्टुडिओ चालू ठेवायचा होता. आता बंद करायचाय. तुम्ही फक्त शेवटची बेरीज मारून द्या. कुणाला किती द्यायचं ते कळलं की सुटले मी.

हिशेबनीस : म्हणजे मी नोकरी मागायला आले आणि तुम्ही मला कुलूप लावायला बसवलंत.

नणंद : आजच्या दिवसाचे पैसे देईन ना.

हिशेबनीस : ते घेईनच. घाई किती आहे?

नणंद : चार वाजता भट्टी बघायला माणूस येतोय. पसंत पडली तर लगेच उचलून नेणार.

वहिनी : त्याला उद्या ये म्हणाली असतीस तर काय आकाश कोसळणार होतं, वन्सं?

नणंद : वन्सं म्हटलंस की समजते मी, चिडलीयस. उद्या काय बदलणार आहे? दादा तीन वर्षं हेच सांगतोय, तोट्यातला छंद किती दिवस पोसायचा. त्याचं बरोबर निघालं. संपलं.

वहिनी : ते ‘छंद’ म्हणतात म्हणून मी कधी म्हटलं का?

नणंद : तू म्हणत नाहीस. तू लिहून ठेवतेस.

हिशेबनीस : तुम्ही दोघी भांडा, माझी हरकत नाही. फक्त खिडकीतल्या त्या बरण्या जरा सरकवा. वहीवर सावली पडतेय.

वहिनी : हळू गं. त्या कच्च्या आहेत अजून.

नणंद : कच्च्याच राहणार आता. कुठे भाजायच्या?

हिशेबनीस : गेल्या महिन्याची विक्री बेचाळीस हजार. खर्च एकोणतीस. खर्चात काय काय येतं?

वहिनी : माती, रंग, विजेचं बिल, भाडं, खोकी, पेंढा. आणि हिच्या हातखर्चाचे आठ हजार.

हिशेबनीस : तुमचे?

वहिनी : माझे कसले? मी घरचीच.

हिशेबनीस : हं. बेचाळीसमधून एकोणतीस गेले, तेरा उरले. मग खाली साडेचार हजारांचा तोटा कुठून आला?

वहिनी : ती मागची यादी वजा केली ना. साडेसतरा हजार.

नणंद : वाचा, मोठ्यानं वाचा. माझ्या पापांची यादी आहे ती.

हिशेबनीस : ‘सहा तारीख. उंच सुरई, निळी. मानेला तडा. बावीसशे. सहा तारीख. ताटल्या आठ, एकीला एक चिकटून बसल्या. चार हजार. एकोणीस तारीख. झाकणाची बरणी. झाकण इतकं नेमकं बसलं होतं की हवाही जाणार नाही. बूड फुटलं. अठराशे.’ बाई, ही सगळी फुटलेली भांडी?

वहिनी : भट्टीत गेली. दर वेळी थोडी जातातच.

हिशेबनीस : ही सुरई कुणाला विकली होती का?

वहिनी : फुटकी सुरई कोण घेणार?

हिशेबनीस : म्हणजे हिचे बावीसशे आलेच नाहीत.

वहिनी : कसे येतील?

हिशेबनीस : विक्रीत लिहिलेत?

वहिनी : छे. खोटं कशाला लिहू?

हिशेबनीस : मग जे आलेच नाहीत ते वजा कशातून केलेत?

वहिनी : ...नुकसान झालं ना पण. घरात दूध नासलं तर नुकसान धरतोच की आपण.

हिशेबनीस : दुधाचे पैसे दुधवाल्याला दिलेत, तेव्हाच खर्चात लिहिलेत. नासल्यावर परत लिहायचे नसतात. आणि तुम्ही नासल्यावर दुधाचा नव्हे, त्याच्या मिठाईचा भाव लावलात.

नणंद : थांबा. थांबा जरा. मला आकडे दिसले की गरगरतं. सोपं करून सांगा.

हिशेबनीस : सुरईची माती, रंग, वीज हे सगळं खर्चात आधीच आलंय. यादी खोडली की तोटा नाही. गेल्या महिन्यात तेरा हजार नफा. त्याच्या आधी... अडतीसमधून सत्तावीस, अकरा हजार. मी बावीस वर्षं बिस्किटांच्या कारखान्यात हिशेब लिहिला. रोज पाट्या भरून बिस्किटं तुटायची. तिथे कुणी पुड्याच्या भावानं रडत बसलं असतं तर पहिल्याच महिन्यात टाळं लागलं असतं.

नणंद : आणि तीन वर्षांचं?

हिशेबनीस : बँकेचं पुस्तक द्या. ...हे तीन लाख चाळीस हजार कुणाचे?

वहिनी : गिऱ्हाइकांचे. आगाऊ देतात ना ऑर्डरीला, ते साठलेत. परक्याचे पैसे म्हणून मी हात लावत नव्हते.

हिशेबनीस : आगाऊ घेतलेल्या किती ऑर्डरी बाकी आहेत?

वहिनी : दोन. पंचवीस हजार.

हिशेबनीस : मग बाकीच्यांचा माल पोचलाय, ते पैसे तुमचे.

वहिनी : आमचे?

हिशेबनीस : तुमचे दोघींचे. तीन वर्षं स्वतःच्या पैशांची राखण करत होतात, परक्याचे समजून.

वहिनी : अरे देवा. अगं, मी तर... तू रंगकामाला तो फिरता ओटा घ्यायचा म्हणालीस, मी नको म्हटलं. दोन वर्षं तू त्या मोडक्या स्टुलावर बसून काम करतेस, मी नको म्हटलं. माझ्यामुळे गं. मी शिकायला हवं होतं कुणाकडून तरी.

नणंद : वहिनी.

वहिनी : बोल. काय बोलायचं ते बोल.

नणंद : एक विचारू? तारीख, रंग, तडा कुठे गेला... एवढं बारीक का लिहायचीस? मला वाटायचं, दादाला दाखवायला पुरावा गोळा करतेस.

वहिनी : पुरावा? वेडी आहेस का? भट्टी उघडली की तू फुटलेलं निमूट उचलायचीस आणि मागच्या पिंपात टाकून यायचीस. एक शब्द नाही. मग चाकावर जाऊन बसायचीस, जसं काही झालंच नाही. चार-चार दिवस राबलेली असायचीस त्याच्यावर. मला बघवायचं नाही. वाटायचं, कुठेतरी लिहिलेलं असावं की ही इतकी सुंदर सुरई झाली होती. आणि किंमत पूर्ण लावली, कारण तिची किंमत तेवढीच होती.

(हिशेबनीस पेन्सिलीचं टोक काढत बसते.)

नणंद : मग सांगायचंस ना.

वहिनी : तू विचारलंस आज.

हिशेबनीस : पाऊण तास झालाय. चारला दहा कमी आहेत.

नणंद : अगं बाई, तो माणूस! फोन कुठेय माझा? ...हॅलो, हो, मीच बोलतेय. निघालात का? नका निघू. नाही, दुसऱ्या कुणाला नाही दिली. नाही हो, भाव वाढवायचा नाहीये. विकायचीच नाहीये. हो, चुकलंच माझं. तुमचा टेंपोचा खर्च देते मी. देते म्हटलं ना. ठेवते.

वहिनी : काय म्हणाला?

नणंद : बायकांचं काही खरं नसतं म्हणाला. म्हणू दे. वहिनी, मला जरा बसू दे.

वहिनी : बस. पाणी घे. रडतेस की हसतेस?

नणंद : मलाच कळत नाहीये. दादाला काय सांगायचं?

वहिनी : त्यांना मी सांगते. चांगलं बँकेचं पुस्तक उघडून सांगते.

हिशेबनीस : टेंपोचा खर्च मी लिहून ठेवते. तो मात्र खरा तोटा. आणि पुढच्या महिन्यापासून वहिनींचे आठ हजार धरायचे. घरच्या आहात म्हणून हात फुकट नसतात.

नणंद : हे कधीच मनात आलं नाही गं माझ्या.

वहिनी : माझ्या तरी कुठे आलं? बाई, ती मागची यादी बंद करू ना आता?

हिशेबनीस : हिशेबातून काढा. वेगळी वही घाला हवी तर. त्यात आकडे नकोत, बाकीचं असू द्या.

नणंद : तुम्ही उद्यापासून याल?

हिशेबनीस : आठवड्यातून तीन दिवस. दहा ते दोन. आणि सुरुवातीलाच सांगते, मला धूळ सोसत नाही.

नणंद : इथे सगळी मातीच आहे हो.

हिशेबनीस : दिसतंय. रुमाल आणीन.

वहिनी : टेबल खिडकीपाशी लावू या. भट्टीच्या बाजूला फार तापतं, बसवणार नाही त्यांना.