भाऊजींचा पहिलाच डेंग्यू

हॅलो?… हां, बोल ताई… लॅबमध्येच आहे, मशीन चालू आहे म्हणून आवाज येतोय… अगं रडतेस कशाला?…

हो, भाऊजींचा रिपोर्ट आला. मीच लावली टेस्ट. डेंग्यूच आहे… अगं ऐक ना…

काय? परवाची मुलाखत रद्द करतेस? वेडी आहेस का? मुख्याध्यापिकेची जागा काय दर महिन्याला निघते?… हो, भाऊजी महत्त्वाचे. मान्य. पण गेल्या वेळीही अशीच हुकली ना…

दुसऱ्यांदा झाला की जिवावर बेततं? कोण म्हणालं?… शेजारीण? ती तर सर्दीतही माणूस पोचवून येते.

बरं, डोळे पूस आणि नीट ऐक. रक्तात आम्ही दोन तऱ्हेच्या अँटिबॉडी बघतो. एक नव्या, आत्ताच्या तापाच्या. दुसऱ्या जुन्या, डेंग्यू आधी होऊन गेला असेल तर त्याच्या… हो. भाऊजींच्या रक्तात नव्या आहेत, जुन्या नाहीत. औषधालाही नाहीत. म्हणजे दुसऱ्यांदा वगैरे काही नाही, हा त्यांचा पहिलाच डेंग्यू. गेला ना जिवाचा घोर?…

काय? आधीही झाला होता?…

कधी?… गेल्या वर्षी?… हां. तो, मुलाखतीच्या वेळचा.

नाही, म्हणजे… जुन्या अँटिबॉडी कधीकधी विरून जातात… हो, आईच्या डेंग्यूच्या वेळी मीच सांगितलं होतं, वर्षानुवर्षं टिकतात म्हणून. तुझ्या लक्षात काय काय राहतं गं.

तेव्हा रक्त तपासलं होतं का?… डॉक्टर नुसतं बघून म्हणाले?… आणि डॉक्टरांकडे भाऊजी एकटेच गेले होते, तापही स्वतःच मोजत होते… बरं… दुसरा कुठला तरी ताप असेल. ताप काय, छप्पन्न असतात…

आठवतंय ना. साडी इस्त्री करून ठेवलेली, आणि आदल्या संध्याकाळी भाऊजी आडवे. तू उशाशी बसून गार पाण्याच्या घड्या ठेवत होतीस… मलाही फार वाईट वाटलं होतं, ताई. अजून वाटतं.

अगं, लगेच त्यांना कुठे विचारतेस? ग्लानीत असतील… अगं…

हं, भाऊजी, बोला… टेस्ट चुकू शकते का? शकते की. पण मग सगळाच रिपोर्ट चुकीचा धरू. म्हणजे आत्ताचाही डेंग्यू नाही. उठा, आंघोळ करा आणि कामाला लागा… नाही उठवत? हाडं मोडल्यासारखी दुखतायत?… मग टेस्ट बरोबरच म्हणायची. निम्मी बरोबर, निम्मी चूक असं नाही हो करता येत, एकाच नळीतलं रक्त आहे.

काय?… ती नोकरीसाठी दुसऱ्या गावाला गेली असती तर तुम्ही एकटे पडला असता?… मग हे तेव्हा तोंडाने सांगायचं होतं. ती थांबलीही असती एखादवेळेस.

द्या तिला फोन…

ताई, आत्ता एक शब्द बोलू नकोस. आजारी माणसाशी काय भांडायचं? त्यात मजा नाही. पाणी पाजत राहा, पोटात दुखलं की उलट्या झाल्या की लगेच कळव…

मुलाखत?… हो. जा. मी रजा टाकते, दोन दिवस मी बसते त्यांच्यापाशी… जा म्हणतेय ना…

मागून काय म्हणतायत ते?… एकदम ताप चढला?… चढू शकतो, डेंग्यू आहे. तू बॅग भर. मी निघालेच, या खेपेला ताप मी मोजते. ठेव.