गुरुवारी खरवड उरते

तुम्ही गुरुवारच्या मॅडमबद्दल लिहायला आलात, हेडसरांनी सांगितलं मला. लिहा, पण माझं आधी लिहा, कारण त्या मॅडमच्या आधीपासून या शाळेत मी आहे.

माझं माहेर साक्रीच्या पलीकडे, डोंगराकडचं. चौथीपर्यंत शिकले, पाचवीची शाळा लांब होती, आबा म्हणाले बस झालं, मी म्हटलं बरं. लग्न होऊन या गावात आले, नवरा लवकर गेला, एक मुलगा, तो आता टेंपो चालवतो, सून दुसऱ्याच्या शेतात जाते. काय सांगू तुम्हाला, रडण्यासारखं पुष्कळ होतं, पण सकाळी चूल पेटवायचीच असायची. शाळेत खिचडी सुरू झाली तेव्हा मला स्वयंपाकाला घेतलं, ते आजपर्यंत.

खिचडीच्या पातेल्याला खाली खरवड लागते, तांबूस, कुरकुरीत, ती पोरींना फार आवडते. मी ती उलथन्याने काढून ठेवायची, आणि जेवणं झाली की पोरी पत्र्याच्या शेडमध्ये माझ्याजवळ येऊन बसायच्या. खरवड खाता खाता बोलायच्या, कुणाचा बाप पिऊन येतो, कुणाला बघायला पाहुणे येणार, कुणाला गणित येत नाही. मी भांडी घासत ऐकायची, एखादीला रागवायची, एखादीला अजून एक तुकडा द्यायची. बठ्ठा, म्हणजे सगळ्या गावात पोरींच्या पोटातलं मला जेवढं माहीत होतं तेवढं त्यांच्या आयांना नव्हतं.

मग ही मॅडम आली. देवपूरहून बसने येते, दर गुरुवारी. मनाचा तास म्हणे. लायब्ररीच्या खोलीत सतरंजी टाकायची, पोरींना गोल बसवायचं, दार लावायचं. पोटावर हात ठेवून श्वास घ्या. तोंडांची चित्रं, हसरं, रडकं, रागावलेलं, आज कसं वाटतंय त्याच्यावर बोट ठेवा. आम्हाला कुणी विचारलं नाही कसं वाटतंय, जेवलीस का एवढं विचारलं तरी खूप. तर पोरी तिकडे जाऊ लागल्या, आणि गुरुवारी माझी खरवड तशीच राहायची, मी ती कुत्र्याला घालायची. मला तिचा राग यायचा. तिची ती पांढरी ओढणी, ते हळू बोलणं. आणि सगळ्यात जास्त राग कशाचा, तर माझी नात वैष्णवी, आठवीतली, माझ्या कुशीत झोपणारी, ती गुरुवारी सगळ्यांच्या आधी सतरंजीवर जाऊन बसायची. काय बोलता गं, मी विचारायची, तर म्हणायची काही नाही. घरी मात्र मॅडम असं म्हणतात, मॅडम तसं म्हणतात. भांगही मॅडमसारखा बाजूला पाडायला लागली.

मग मी काय केलं ते लिहा, लपवायचं नाही मला. नळावर सुमन भेटली, शेजारीण माझी, तिची पोरगी वैष्णवीच्याच वर्गात. तिला म्हटलं, ती मॅडम पोरींना घरातल्या गोष्टी विचारते, आईबापाविरुद्ध भडकवते. सुमन म्हणाली, अक्का, दार लाईसन काय इचारस व ती? मी म्हटलं, तेच तर, दार लावून विचारण्यासारखं काय असतं. मी काही ऐकलं नव्हतं, मनाचंच बोलले. दोन दिवसांत गावातले दहाबारा बाप हेडसरांकडे गेले आणि गुरुवारचा तास बंद झाला. खरं सांगू, मला बरं वाटलं. त्या दिवशी खरवड जास्तच काढली. पोरी आल्या, खाल्ली, हात धुतले, गेल्या. बोललं कुणीच नाही.

पुढच्या आठवड्यात वैष्णवीचं सकाळी पोट दुखायला लागलं. शाळेची वेळ झाली की दुखायचं, शाळा सुटायची वेळ झाली की थांबायचं. मी मीठमोहरी ओवाळून टाकली. डॉक्टर म्हणाले पोटात काही नाही. मुलगा म्हणाला नाटकं करते, सून म्हणाली नसेल जायचं तर माझ्याबरोबर निंदायला येऊ दे. माझी शाळा अशीच एका बोलण्यात सुटली होती.

मी तिच्याजवळ बसले, म्हटलं माय, मला सांग. ती माझ्याकडे बघून म्हणाली, तुले सांगू? तू बठ्ठास्ले सांगी देस.

मग सगळं बाहेर आलं. उन्हाळ्यात आम्ही गल्लीतल्या बायका मिळून ज्वारीचे बिबडे करतो, पापडच ते, पिठाचा घाटा शिजवायचा आणि फडक्यावर थापायचे, आणि थापताना गप्प कुणीच बसत नाही, ज्याच्या घरचं जे असेल ते बाहेर पडतं, तशी रीतच आहे. तेव्हा मी हसत सांगितलं होतं की आमची वैष्णवी वर्गात उभं राहून वाचायचं म्हटलं की थरथरते, एकदा तर उलटी झाली. ते तिने मला एकटीला सांगितलं होतं. सुमनच्या घरून ते वर्गात गेलं, आणि शाळा उघडल्यापासून ही वाचायला उठली की पोरंपोरी उलटीचा आवाज काढत होती. मॅडमला सांगितलं ते कुठेच गेलं नाही, ती म्हणाली.

मी उठले, हेडसरांकडे गेले. म्हटलं मी खोटं बोलले, जळून बोलले. ते म्हणाले, अक्का, मला सांगून काय उपयोग, पालकांसमोर सांगाल? सांगितलं. सभेत एक जण म्हणाला, अक्का, तुमचं आधीचं खरं धरायचं की आताचं? मी म्हटलं, आताचं धर, याच्यात माझी लाज जाते, खोटं असतं तर कशाला बोलले असते. लोक हसले, पण तास सुरू झाला. अट एकच, दार उघडं राहील. मग पोरी म्हणाल्या, उघड्या दाराशी कुणी ऐकत उभं राहिलं तर? मॅडम माझ्याकडे बघून म्हणाली, अक्का बसतील ना बाहेर. चांगली आहे हो ती, त्याचाच राग येतो.

आता गुरुवारी मी निंबाखाली तांदूळ निवडत बसते, कुणी दाराकडे फिरकलं की हाकलते. जागा वैष्णवीने दाखवली, इथे बस म्हणाली, इथून ऐकू येत नाही. ती रोज शाळेत जाते. वर्गात अजून वाचत नाही, पण जाते. दारातून मला तिचे ओठ हलताना दिसतात, कधी हसते, कधी डोळे पुसते, आणि मी इथे बसून जळते. त्या मॅडमचं भलं होवो, तिची बस चुकू नये.

वैष्णवी काय बोलते ते मला विचारू नका. माहीत असतं तर एव्हाना तुम्हाला सांगून मोकळी झाले असते.