समोरून कोणी येत नाही असा रस्ता

आमच्या नितीनला वाटतं, मी म्हातारा झालो. त्याचंच ऐका.

तो इथे अमेरिकेत, नोव्हाय नावाच्या गावात, गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर. उन्हाळ्यात आम्हा नवराबायकोला घेऊन तिकडे भाड्याच्या गाडीने युरोप फिरायचं त्याने ठरवलं. जेवण झाल्यावर टेबलावर नकाशा पसरला आणि पॅरिसपासून बोट फिरवत जर्मनीतल्या एका प्रसिद्ध रेसट्रॅकवर आणलं. डोंगरातला, जंगलातला, नुसत्या वळणांचा; पैसे भरले की कोणालाही गाडी चालवू देतात असा.

मी म्हणालो, “तिथे मी चालवणार.”

“बाबा, तुम्ही शेजारी बसा.”

“जन्मभर घाटात ट्रक चालवलाय मी. वळण आलं की आधी हॉर्न द्यायचा, मग वळायचं.”

“तिथे हॉर्न लागत नाही. समोरून कोणी येतच नाही.”

 घाटातलं वळण, आणि समोरून कोणी नाही! डोळे आपोआप मिटले. झाडांत धुकं होतं. रस्ता ओला, काळा, सगळा माझा. एकामागून एक वळणं येत होती आणि मी हॉर्नला हातही लावत नव्हतो.

नितीन हळूच म्हणाला, “बरं बाबा, एक फेरी तुमची.”

“त्यांची फेरी कधीच सुरू झाली,” बायको म्हणाली. “अहो, ब्रेक सोडा. तो माझा पाय आहे.”