शाल, नारळ आणि हरभऱ्याची डाळ

…आणि वर घरचे मलाच विचारतात, "तू तेव्हाच का नाही बोललीस?" अहो, मी कधी बोलणार? लग्नाला पाच महिने झालेत, माहेर नाशिकचं, सासर हे झाशीत दतिया गेटपाशी, आणि निघताना आईनं बजावलेलं, वर्षभर नुसतं बघ. म्हणून बघत होते. बोलले काही नाही.

तुम्हाला सांगते, आमच्या घरी चकलीची भाजणी होते. मागच्या अंगणात भट्टी, शेजारी गिरणी, माल रेल्वे कॉलनीपासून ग्वाल्हेरच्या दुकानांपर्यंत जातो. त्याला लागणारी हरभऱ्याची डाळ येते जगन्नाथ साहूंकडून. मोठ म्हणून कानपूर रस्त्याला मंडीचं गाव आहे, तिथले ते व्यापारी, बावीस वर्षं दर सोमवारी स्वतः टेम्पोबरोबर येतात. सासूबाई दुसऱ्या कुणाची डाळ भट्टीवर चढवतच नाहीत. म्हणतात, रंग येत नाही.

आणि त्या सोमवारची रीत काय वर्णावी! जगन्नाथजी पोतं सोडतात. मामंजी, म्हणजे माझे सासरे मार्तंडराव, मूठभर डाळ उजेडात धरतात आणि एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करतात. "जगन्नाथ, ये क्या गाय के वास्ते लाये हो?" की जगन्नाथजी ताडकन उभे! "नईं लेने तो नईं लो पंडितजी, हम तो जे चले!" दारापर्यंत जायचं, चपला घालायच्या… मग मामंजी भिंतीकडे बघत म्हणणार, "चाय तो पीते जाओ." चपला निघतात, चहा येतो, पोती आत. पहिल्या सोमवारी मी घाबरून सासूबाईंकडे पाहिलं, तर त्या शांतपणे दोन कप आधीच गाळून बसलेल्या.

तर आमचे हे. यज्ञेश्वर. ऐन दिवाळीच्या तोंडावर, पंधरा पोती डाळ यायची आहे, आणि हे दोन दिवस ग्वाल्हेरला कसल्याशा शिबिराला गेले, व्यापारवृद्धीच्या. आले ते निळी फाईल घेऊन. "बाबा, आजपासून जगन्नाथजी आपले पुरवठादार नाहीत."

"मग डाळ कोण देणार?"

"तेच देणार! पण भागीदार म्हणून. परस्पर विश्वास! दोघांचा फायदा! मालाला नावं ठेवायची नाहीत, आवाज चढवायचा नाही, आणि भागीदाराचा सन्मान करायचा."

सन्मान म्हटल्यावर आपल्या माणसांना दुसरं सुचतं काय? शाल आणि नारळ! आता तुम्हीच सांगा, या झाशीत जगन्नाथजींनी मराठी माणसाला शाल-नारळ देताना कधी बघितलंय? रेल्वेतून रिटायर होताना! इथले निम्मे मराठी लोक रेल्वेत, अशा निरोप समारंभांचे पेढे त्यांनी किती वेळा खाल्लेत. मला हे दिसत होतं हो… पण मी काही बोलले नाही.

सोमवार आला. पोतं सुटलं. मामंजींनी डाळ हातात घेतली, ओठ हलले, ह्यांनी खाकरून दाखवलं, आणि मामंजी कसनुसं हसत म्हणाले, "बहुत… बढिया है." जगन्नाथजींनी दचकून पोत्यात पाहिलं. मग हे पुढे. खांद्यावर शाल, हातात नारळ, "बाईस साल की सेवा के लिए धन्यवाद," आणि वर फोटो! तो माणूस चहासुद्धा न पिता नारळ पोटाशी धरून गेला.

दिवाळीची पंधरा पोती बुधवारी यायची होती. आलं एकही नाही. ह्यांनी फोन लावला. तिकडून एवढंच, "भैया, विदाई तो हो गई हमाई. अब काय की दाल?" हे समजावतायत, साझेदारी, भरोसा… आणि तिकडून, "काय भैया, भाव तक नईं करो तुमने!" आणि फोन बंद. सासूबाई थंड भट्टीसमोर बसल्या. अकरा दिवसांवर दिवाळी, दुकानदार ताटकळलेले, आणि यंदा ऑर्डर चुकली तर पुढच्या वर्षी कोण विचारणार?

म्हणून गेलो मोठला. मामंजी, हे आणि मी. मी कशाला, तर पाया पडायला. आणि काय सांगू, केवढा तो आदर! खुर्च्या काय, सरबत काय! "विराजिए मार्तंडरावजी." बावीस वर्षांत पहिल्यांदा "मार्तंडरावजी"! मामंजींचा चेहरा पडला. हे म्हणाले, "हमें आपसे कोई शिकायत नहीं है." जगन्नाथजी मान खाली घालून म्हणाले, "जोई तो." म्हणजे, हेच तर दुखणं.

शेजारी पोतं उघडं होतं. मी मूठभर डाळ घेतली. काय सुंदर डाळ हो, सोन्यासारखी! उजेडात धरली, तोंड वाकडं केलं आणि म्हटलं, "चाचाजी, इसमें तो कंकड़ हैं."

आणि मग… "कंकड़?" जगन्नाथजी उठले! "हमाई दाल में कंकड़? निकाल के दिखाओ बहू!" मी म्हटलं, "सीली भी लग रही है," म्हणजे दमट. तोच मामंजी खुर्चीतून उसळले, "और टुकड़ा कितना है, देखो तो!" "पंडितजी, नईं लेने तो नईं लो!" काय ते दोन म्हातारे ओरडतायत! डोळ्यांत पाणी दोघांच्या! हे मध्ये फाईल घेऊन उभे, "परस्पर विश्वास… परस्पर…" पण ऐकतंय कोण? संध्याकाळी पंधरा पोती आमच्या अंगणात.

झालं, मिटलं. पण पोती उतरवून जाताना जगन्नाथजींनी मामंजींना सांगितलं, "पंडितजी, अब तुम रैन दो, दाल बहू परखेगी." तेव्हापासून दर सोमवारी मी. आणि माणूस असा हट्टी, माझ्या नाकावर टिच्चून अशी डाळ आणतो, की परवा पोत्यात कोपरापर्यंत हात घातला… खडा नाही, कीड नाही, तुकडा नाही! ते आपले चपलांकडे बघत आशेनं बसलेले, आत चहा उकळतोय, सासूबाई खुणा करतायत, लवकर. काय करणार? शेवटी सुतळीला नावं ठेवली.